आत्याचं ‘नै’

ग्रीक भाषेत ‘हो’ला ‘ने’ म्हणतात. हे वाचलं तेव्हाच मला धोका कळायला हवा होता. मी आत्याला घेऊन चालले होते आणि आत्याच्या बोलण्यात दर दुसरा शब्द ‘नै’ असतो. ‘नाही’ पुरतं म्हणण्याइतका वेळ तिने आयुष्यात कोणाला दिलेला नाही.

क्रीट बेटावरच्या हानिया गावात पहिल्याच रात्री प्रचिती आली. तिथल्या खानावळीत, म्हणजे ताव्हेर्नात, जेवण संपलं की न मागता राकीची छोटी सुरई आणि काहीतरी गोड येतं. त्याचे पैसे घेत नाहीत. (न मागता आलेल्या पावाचे मात्र बिलात असतात.) वेटर आत्याचा प्याला भरू लागला. “नै, नै!” आत्या म्हणाली. त्याने खुशीत काठोकाठ भरला. मी मदतीला धावले, “ओही, ओही!” ओही म्हणजे नाही, पण माझ्या तोंडून ते आनंदाच्या चीत्कारासारखं निघालं असावं. शेवटी आत्याने वैतागून हनुवटी उचलली, भुवया उडवल्या आणि “च्च” केलं. वेटरचा हात जागीच थांबला. ग्रीकांचा नकार अगदी असाच असतो. पुण्याच्या रिक्षावाल्यांनी तिला तो वर्षानुवर्षं फुकट शिकवला होता.

माझी फजिती दुसऱ्या दिवशी बाजारात झाली. पाच संत्री हवी होती, म्हणून फळवाल्यासमोर पाची बोटं फाकवून पंजा धरला. तो गोरामोरा झाला, मग मी परकी आहे हे पाहून हसत सुटला. ह्या पंजाला ‘मूंझा’ म्हणतात आणि ती चांगली घसघशीत शिवी आहे. बायझंटाइन काळी गुन्हेगाराची गाढवावरून धिंड काढून तोंडाला काळं फासत, ते फासणारा हात म्हणजे हा पंजा, असं सांगतात. धिंड, गाढव, काळं: आपल्याला वेगळं समजावून सांगायची गरजच नाही! तेव्हापासून मी तळहात स्वतःकडे वळवून मोजते.

खाण्याची चिंता मात्र फुकट गेली. एप्रिल होता, ईस्टरच्या आधीचा मोठा उपास चालू होता. ‘निस्तीसिमो’ असं विचारलं की मांस, दूध, अंडं काही नसलेलं ताट येतं. पिवळ्या डाळीची फावा तर आत्याने “हिंग-हळद विसरलेलं वरण” म्हणून आपलीशी केली. उकडलेल्या रानभाजीवर ऑलिव्ह तेल आणि लिंबू, तेही चाललं. मग शेजारच्या टेबलावर, त्याच उपासाच्या नावाने, भाजलेला ऑक्टोपस आला. अंगात लाल रक्त नसलेले समुद्री जीव त्यांच्या उपासाला चालतात. आत्या त्या आठ पायांकडे बघत राहिली. “एकादशी नि दुप्पट खाशी ऐकलं होतं,” ती म्हणाली, “हे आठपट झालं.”

उन्हाळ्यात तिथे दुपारी ३ ते साडेपाच शांतता पाळायचा नियम आहे. पाहुण्यांना तो मुद्दाम समजावतात. आत्याला कोण समजावणार! एक ते चार हा तिच्या धर्माचा भाग आहे. तिला साडेपाचच काय ते नवीन होतं.

एका संध्याकाळी तिचं डोकं दुखू लागलं. घरमालकीणबाईंनी पाण्याच्या वाटीत तेलाचे थेंब सोडले. थेंब गोळा न राहता पसरले, म्हणजे दृष्ट लागलेली. मग त्या पुटपुटत राहिल्या आणि सारख्या जांभया देऊ लागल्या. जांभई आली की दृष्ट उतरतेय असं समजायचं. शेवटी हवेतच तीनदा “फ्तू, फ्तू, फ्तू”. मी गप्प होते. आत्याने परतफेड म्हणून बाईंच्या गालांवरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलांवर कडाकड बोटं मोडली. मोहऱ्या बरोबर आणल्या नाहीत, एवढंच तिला लागून राहिलं.

निघायच्या दिवशी बाई दारापर्यंत आल्या. आधी आत्याकडे, मग जमिनीकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. पुन्हा याल का, असं असणार. आत्याने पदराने डोळे टिपले.

“नै हो, आता कुठलं येणं होतंय ह्या गुडघ्यांनी!”

बाईंना पहिला शब्द तेवढा कळला. त्यांचा चेहरा फुलला. आत जाऊन त्यांनी वाळक्या ओरेगॅनोची एक पुडी आणली आणि आत्याच्या पिशवीत कोंबली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आत्याने माझ्याकडे बघून हनुवटी वर केली.

“च्च.”