स्वतःच्या नावाचा उखाणा

पोट्टे बिघडले, याबद्दल गोंदिया जिल्ह्यात सर्वपक्षीय एकमत आहे. एवढे एकमत धानाच्या बोनसवरही कधी झालेले नाही. ते बहुधा पानठेल्यावर होते. एक जण खर्रा घोटत सांगतो की रॅपच्या व्हिडिओंनी पोरांना व्यसन लावले. दुसरा नुसती मान डोलावतो, कारण त्याच्या तोंडात आधीच खर्रा असतो. आरोपपत्र ठरलेले आहे: गळ्यात साखळ्या, डोळ्यांवर काळा चष्मा, मागे गाड्या, गाड्यांवर पोरी, तोंडात शिव्या. शेवटी प्रश्न येतो, ‘यात पाहण्यासारखे आहे तरी काय?’ विचारणाऱ्याला उत्तर नको असते, तरी प्रश्न चांगला आहे. वाया जाऊ नये. माझे म्हणणे असे की साखळ्या आणि गाड्या पोरे पाहतात खरी, पण थांबतात ती उखाण्यासाठी. लग्नात नवरीला ‘नाव घे’ म्हणतात आणि ती यमक जुळवून नवऱ्याचे नाव घेते. रॅपर यमक जुळवून स्वतःचेच नाव घेतो, लगे हात गल्लीचेही घेतो. दुसरे कोणी आपले नाव घेईल, याची वाट पाहण्यात त्याच्या वस्तीच्या दोन-तीन पिढ्या गेलेल्या असतात. बाकीचा धूर, ड्रोन आणि झगमगाट हा मांडवाचा खर्च.

पुराव्यासाठी थोडे लांब जावे लागेल. ११ ऑगस्ट १९७३ ही हिप-हॉपची जन्मतारीख मानतात. न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागात सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीला शाळा उघडण्याआधी नवे कपडे हवे होते. पैसे जमवायला तिने राहत्या इमारतीतल्या सभागृहात नाचगाण्याचा कार्यक्रम ठेवला. मुलींना २५ सेंट, मुलांना ५०. तबकड्या वाजवायला भाऊ होता, त्यालाच पुढे लोक डीजे कूल हर्क म्हणून ओळखू लागले. शाळकरी पोरे नासवल्याचा ठपका ज्या कलेवर आहे, ती शाळेच्या कपड्यांपायी जन्मली, हे पानठेल्यावर सांगून पाहायला हरकत नाही. त्या रात्री माईकवर असलेला कोक ला रॉक हा दोस्त करत काय होता? जमलेल्या मित्रांची नावे पुकारत होता. रॅपची सुरुवात अशी हजेरी घेण्यातून झाली.

आता दिवाळीनंतर गावोगाव भरणारी कुठलीही मंडई डोळ्यांसमोर आणा. शाहिरांची खडी गंमत रंगात आलेली असते. गर्दीतून एक हात दहाची नोट घेऊन वर येतो, ढोलकी थबकते, शाहीर गाणे मध्येच सोडून सांगतो की अमक्या गावच्या अमक्या भाऊंकडून दहा रुपये बक्षीस, मंडळ त्यांचे आभारी आहे. देणारा तेवढा वेळ असा उभा राहतो, जणू सातबाऱ्यावर नाव चढले. दहा रुपयांत अख्ख्या शिवाराला ऐकू जाईल असे नाव आजच्या बाजारात दुसरे कोण घेऊन देतो? आणि ‘दुय्यम’ लागली असेल तर विचारूच नका. दोन शाहीर समोरासमोर, एकाचा सवाल, दुसऱ्याचा जवाब, उजाडेपर्यंत एकमेकांची उतरवणे, आणि जो जास्त झणझणीत उतरवेल त्याला शिट्ट्या. हाच प्रकार दोन पोट्ट्यांनी टोप्या उलट्या घालून केला की त्याला पाश्चात्त्य संस्कृतीचे आक्रमण म्हणायचे, असा आपल्याकडे संकेत आहे.

पण गंमत वर्षातून एकदाच येते, आणि पोट्टा प्रेक्षकांत असतो. वर्षभर त्याचे नाव कुठे असते, ते पाहायचे तर चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सखाली उभे राहावे. मध्यभागी भाऊ: पांढरा शर्ट, सोन्याचा गोफ, काळा चष्मा, एक हात मिशीवर किंवा नमस्कारात. पाठीमागे वाघ नाहीतर गाडी. वरच्या कडेला गोल चौकटीत श्रेष्ठींची डोकी, दिल्लीपासून तालुक्यापर्यंत मानाच्या उतरंडीने. एखादे डोके अर्धा इंच लहान छापले गेले तर फ्लेक्स रातोरात बदलतो. सगळ्यात खाली ‘शुभेच्छुक’, आणि तिथे पासपोर्ट फोटोंची दाटी. त्यातला चौथ्या ओळीतला, कान कापला गेलेला, तो आपला पोट्टा. बांबू त्यानेच रोवलेले असतात, दोऱ्याही त्यानेच बांधलेल्या असतात. हा पोट्टा घरी जाऊन मोबाइलवर रॅपचा व्हिडिओ लावतो, तर काय पाहतो? तोच गोफ, तोच चष्मा, तीच गाडी आणि मागे दोस्तांची तीच फौज. परके असे त्यात काही नसतेच. फरक एवढाच की वरची डोकी गायब असतात, आणि चौथ्या ओळीतला मध्यभागी आलेला असतो. तुम्ही विचारता यात पाहण्यासारखे काय. एवढे त्याला पुरेसे आहे.

कुर्ल्याच्या नेझी या रॅपरने २०१४ मध्ये ‘आफत’ हे गाणे आयपॅडवर चित्रित केले तेव्हा त्याच्याकडे ना गाडी होती, ना धुराचे यंत्र. होती ती वस्तीची गल्ली. पुढच्याच वर्षी अंधेरीच्या डिव्हाइनसोबतच्या त्याच्या गाण्याच्या नावातच गल्ली आली, आणि २०१९ मध्ये ‘गली बॉय’ हा चित्रपट त्या गल्लीला घेऊन मोठ्या पडद्यावर गेला. गाड्या आणि पोरी हेच आकर्षण असते, तर उघडी गटारे दाखवणारे व्हिडिओ चाललेच नसते. ते चालले, कारण नकाशावर नसलेल्या जागेचे नाव कोणीतरी मोठ्याने घेतले. हा आनंद गोंदियाकराला समजावून सांगायची गरज नाही. १ मे १९९९ पर्यंत हा मुलूख भंडारा जिल्हा म्हणूनच ओळखला जात होता, आणि मुंबईला गेलेल्या माणसाला आजही ‘म्हणजे नागपूरच्या जवळ ना?’ हे ऐकावे लागते.

यावर हिशेबी माणसाचा आक्षेप येतो, आणि तो बिनतोड वाटतो. पुण्याच्या ताडीवाला रोडच्या वस्तीतून आलेला रॅपर एमसी स्टॅन फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘बिग बॉस’ जिंकला. त्याआधी त्याचे ८० हजारांचे बूट देशभर गाजले होते. त्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,०४० रुपये होता. म्हणजे ४० किलोच्या हिशेबाने बुटाच्या एका जोडीला सुमारे ९८ कट्टे. बाप खरेदी केंद्रावर ट्रॅक्टर लावून नंबरची वाट पाहतोय आणि पोरगा अठ्ठ्याण्णव कट्टे पायांत घातलेल्याला टाळ्या देतोय, हे शोभते का? शोभत नसेलही. पण ट्रॅक्टरसोबत रात्र काढणारा पुष्कळदा हाच पोरगा असतो, आणि हे गणित त्याला तुमच्याआधी सुटलेले असते. आपल्यासारख्याच वस्तीतल्या पायांत ते बूट आहेत, म्हणून तो टाळी देतो. कारखानदाराच्या पोराने तेच बूट घातले असते तर त्याने वळूनही पाहिले नसते. आणि व्हिडिओतली गाडी भाड्याची असते, असा गौप्यस्फोट करणाऱ्यांना नम्र विनंती, की नवरदेवाला कोणी घोड्याचे कागदपत्र मागत नाही. शेरवानीही परत करायची असते.

दुसरा आक्षेप शिव्यांचा आणि अश्लीलतेचा. त्यात तथ्य आहे, पण आक्षेप घेणाऱ्यांनी होळीच्या दिवशी तोंडाला कुलूप लावून मग बोलावे. नागपुरात अश्लील गाण्यांच्या तक्रारीवरून हनी सिंगला न्यायालयाने आवाजाचा नमुना द्यायला सांगितले, आणि २०२२ मध्ये तो त्यासाठी पाचपावली पोलीस ठाण्यात आला. जो आवाज विदर्भातल्या प्रत्येक वरातीत डीजेवर वाजून खिडक्यांच्या काचा हलवून गेला, त्याचा अधिकृत नमुना सरकारदप्तरी नव्हता, हे त्यातून प्रथमच उघड झाले. बरे, पोरांनी अश्लील सोडून समाजोपयोगी विषय घ्यावेत, असा सल्ला मिळतो. एप्रिल २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासेने तो सल्ला मानून पक्षांतराच्या कथित खोक्यांवर गाणे केले. गाण्यात कोणाचे नाव नव्हते, तरी अंबरनाथला गुन्हा दाखल झाला. नाव न घेताही ओळख पटली, याहून मोठी दाद शाहिराला मिळत नाही. त्याच सुमारास मुंबईत उमेश खाडेवरही गुन्हा झाला. त्याने जनता ‘भोंगळी’ केल्याचे गायले होते. आपल्याकडे हा शब्द आजी नातवाला आंघोळ घालताना वापरते. घाण गाल तर संस्कृती बुडते आणि स्वच्छ गाल तर शांतता भंगते, अशा दोन काठांमध्ये आता पोट्ट्याने काय गावे, हे शांतता समितीने एकदा यमकात लिहून द्यावे.

तिसऱ्या आक्षेपाला मात्र माझ्याकडे उत्तर नाही, आणि थट्टेवर नेण्याची इच्छाही नाही. गाडीच्या टपावर नाचणाऱ्या मुलीचे नाव काय? ते ना गाण्यात असते, ना कोणाच्या तोंडी. नाव घेण्याची ही कला तिच्यापाशी आली की मुकी होते. ज्या अन्यायावर पोट्टा चिडलेला आहे, तोच तो तिच्यावर बिनदिक्कत करतो: तिला फ्लेक्सच्या चौथ्या ओळीतही जागा देत नाही. ‘माही जी’ नावाने मराठीत रॅप करणारी मधुरा घाणे आदिवासींवर आणि सफाई कामगारांवर गाते, तेव्हा माईक हातात आला की चित्र कसे पालटते ते दिसते. पण पोट्ट्याच्या मोबाइलमध्ये ती किती वेळ असते, हा प्रश्न पोट्ट्यालाच विचारलेला बरा.

राहता राहिली भाषा. गोंदियाचा मुलगा घरी पोवारी बोलतो, शेतात झाडीबोली, बाजारात हिंदी, आणि शाळेत पुण्याहून आलेली मराठी. झाडीबोलीत ‘ण’चा ‘न’ होतो आणि ‘ळ’चा ‘र’. त्यामुळे मास्तर ज्या फळ्यावर शुद्धलेखन शिकवतात, तो घरी गेल्यावर ‘फरा’ होतो. दहा वर्षे त्याच्या वहीवर लाल शाईने हा ‘र’ खोडला जातो. राइस मिलच्या मागे कोंड्याच्या ढिगावर चार दोस्त मोबाइल धरून व्हिडिओ काढतात, तेव्हा तोच ‘र’ यमकाला नेमका बसतो, आणि चिमणीचा धूर फुकट मिळतो. खाली शेरे मारणारे काका तिथेही शुद्धलेखन तपासतात. पोरे त्यांना हसरा चेहरा पाठवून पुढचे कडवे लावतात.

एवढे करूनही ज्यांना ही परकी थेरे वाटतात, त्यांनी यंदाच्या मंडईचे पत्रक नीट वाचावे. दोन नामांकित शाहिरांची दुय्यम खडी गंमत आहे. वर नऊ डोकी, त्याखाली उद्घाटक, सहउद्घाटक, अध्यक्ष, दीपप्रज्वलक आणि अकरा प्रमुख अतिथी. मग मंडप, बिछायत आणि साउंड सर्व्हिस. रात्रभर गाणाऱ्या दोघांची नावे तळाशी आहेत, मुद्रकाच्या नावाच्या वरच्या ओळीत, आणि त्यातल्या एकाचे आडनाव चुकले आहे.