फायको पाहिजे, अर्जंट

२०१२ साली कर्वे रस्त्यावरच्या एका रिक्रूटमेंट कंपनीत मी चिकटलो, तेव्हा आईने अख्ख्या चाळीत सांगितलं, "आमच्या मुलाला नोकऱ्या लावायची नोकरी लागली." आठवडाभरात घरी बायोडेटांचा ढीग. गिरणीवाल्याने भाच्याचा बायोडेटा दळणाच्या डब्यावरच ठेवून पाठवला. त्यावर पीठ होतं, अनुभव नव्हता.

आमच्याकडे मागणी होती सॅपवाल्यांची. सॅप म्हणजे मोठ्या कंपन्यांची खरेदी-विक्री, हिशेब वगैरे सांभाळणारं जर्मन सॉफ्टवेअर. आईला 'साप' ऐकू आलं. "कात्रजच्या सर्पोद्यानात विचारून बघ ना," ती म्हणाली. तोवर मी इतका टेकीला आलो होतो की दोन मिनिटं मीही विचार केला.

सॅपमधल्या हिशेबाच्या भागाला म्हणतात फायको. कंपनीला तो माणूस कालच हवा असायचा, त्यामुळे मी भर पीएमटीत उभा राहून फोनवर ओरडत असे : "फायको पाहिजे, एकदम अर्जंट! पाच वर्षांचा अनुभव तरी हवा. छे छे, फ्रेशर नको. आधीच्या ठिकाणाहून तीन महिन्यांत सुटत असेल तर चालेल. हो, रात्रपाळीची तयारी पाहिजे." शेजारच्या बाईंनी पिशवी छातीशी धरली आणि पुढच्या सीटवर गेल्या. एक आजोबा मात्र शांतपणे म्हणाले, "आमच्या वेळी अनुभव विचारत नसत हो."

आमचा मोबदला उमेदवाराच्या वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्के. म्हणजे सरळसरळ एका महिन्याचा पगार. पण टक्क्यांत सांगितला की शास्त्रीय वाटतो. बारा लाखांचा माणूस लावला की कंपनीला लाख रुपये मिळत, फक्त चाळीस कमी. ते चाळीस रुपये माझ्या पगारवाढीतून वळते करत असावेत, असा मला दाट संशय आहे. शिवाय लावलेला माणूस नव्वद दिवसांत पळाला तर त्याच्या जागी दुसरा फुकट द्यायचा. साध्या मिक्सरची गॅरंटी दोन वर्षांची, आणि इंजिनियरची नव्वद दिवस!

पण खरी गंमत ऑफर लेटर दिल्यावर सुरू होई. उमेदवाराचा नोटीस पिरियड तीन महिन्यांचा. तेवढ्या काळात तो आमचं पत्र दाखवून आणखी चार ठिकाणी भाव वाढवून घेणार, हे शेंबड्या पोरालाही कळतं. म्हणून त्याला 'गरम ठेवायचं', हा आमच्या ऑफिसातल्या सरांचा शब्द. दर आठवड्याला फोन. "काय सर, मजेत ना?" असा एक फायको मी तीन महिने गरम ठेवला. त्याच्या मुलीचा पहिला दात, गावच्या जमिनीची मोजणी, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन, सगळं मला तोंडपाठ. माझ्या सख्ख्या मावशीचा गुडघा कुठला दुखतो ते मला आजही माहीत नाही. रुजू व्हायची तारीख आली तर म्हणाला, "पितृपंधरवडा आहे हो, आई नको म्हणते." बरं, घटस्थापना ठरली.

घटस्थापनेला सकाळी साडेनऊला त्याचा फोन बंद. साडेदहालाही बंद. अकराला घरच्या नंबरावर लावला. आई होत्या.

"अरे तू होय! गुडघा छान आहे हो आता. तो ना, गेला की नव्या कंपनीत, डबा घेऊन. मगरपट्ट्याला."

आम्ही ठरवलेली कंपनी हिंजवडीला होती.

"तुझा चहा झाला का रे?" त्यांनी विचारलं.

नोकरी डॉट कॉम आणि जीवनसाथी डॉट कॉम ही दोन्ही संकेतस्थळं एकाच कंपनीची आहेत, हे मला त्याच सुमारास कळलं. अजिबात नवल वाटलं नाही.

जे फोन उचलत, त्यांची आजी वारलेली असे. रुजू व्हायच्या आदल्या रात्री महाराष्ट्रातल्या आज्या ज्या वेगाने जात, तो पाहून मी वहीत रकाने आखले : आईकडची, वडिलांकडची. कोणी "आजी वारली" म्हणालं की मी आधी दुःख व्यक्त करायचो आणि मग हळूच विचारायचो, "कोणाकडची?" माणसाला आज्या दोनच असतात. तिसरी गेली की सरांना कळवायचं.

दोन वर्षांनी मीच राजीनामा दिला. खराडीच्या एका कंपनीत एचआरमध्ये जागा मिळाली होती, तीही दुसऱ्या एका कन्सल्टंट मुलीमार्फत. सर म्हणाले, "जा, पण तुझ्या जागी माणूस देऊन जा." मी एक पोरगा शोधला, महिनाभर गरम ठेवला. तो आलाच नाही. मग सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं, चहा मागवला (दोन वर्षांतला पहिला) आणि दोन हजार वाढवले.

सोमवारी सकाळी साडेनऊला त्या मुलीचा फोन आला. "सर, निघालात ना? गेटवर तुमचं नाव दिलंय."

मला काहीच सुचेना. तोंडातून आपोआप निघून गेलं, "अहो, रात्री आजी वारली."

पलीकडे क्षणभर शांतता. वहीचं पान उलटल्याचा आवाज आला.

"अरेरे," ती म्हणाली. "कोणाकडची?"