मांडीचा कायदा

लहान मूल रात्री झोपत का नाही, या प्रश्नाची उत्तरे भोपाळच्या जवाहर चौकात तीन माजी राजधान्यांतून येतात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य झाले आणि भोपाळ त्याची राजधानी ठरली. मग जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर, मध्य भारताची हिवाळी राजधानी ग्वाल्हेर आणि उन्हाळी राजधानी इंदूर, अशा तिन्ही ठिकाणचे मराठी कारकून, हिशेबनीस आणि साहेबलोक बदलीच्या हुकमाने इथे येऊन दाखल झाले. त्यांच्या सरकारी क्वार्टरांच्या वसाहतीला येवल्यात जन्मलेल्या तात्या टोप्यांचे नाव मिळाले, म्हणजे टी. टी. नगर. जवाहर चौक त्याच्याच दक्षिण भागात येतो. बदलीच्या सामानात पाळण्याच्या कड्या होत्या, सहाण होती, वेखंडाचे कांडे होते आणि सर्वांत जपून आणलेल्या आजी होत्या. पुढे स्मार्ट सिटीसाठी तिथली जुनी क्वार्टरे पाडली गेली. सल्ल्यांना मात्र बुलडोझर लागला नाही.

बाळाच्या रडण्यामागची कारणे सांगणारे इथे दोन जुने पंथ आहेत. पहिला पोटपंथ. ‘लेकरू रडून राहिलं न बाप्पा, पोट दुखून राहिलं असन त्याचं,’ हे त्याचे नागपुरी सूत्र. त्यावर बेंबीभोवती हिंगाचा लेप आणि तव्यावर गरम केलेली ओव्याची पुरचुंडी असा उपचार ठरलेला असतो. दुसरा दृष्टपंथ. याचे शास्त्र अधिक भक्कम आहे, कारण ते खोटे ठरूच शकत नाही. मीठ-मोहऱ्या-मिरच्या ओवाळून जाळल्यावर घरात ठसका उठला नाही, तर दृष्ट जबर होती. उठला, तर ती निघाली. आईने काल काय खाल्ले, हा प्रश्न मात्र दोन्ही पंथांना समान आहे आणि त्याचे उत्तर काहीही आले तरी ते चूकच असते. अलीकडे तिसरा पंथ निघाला आहे, तो ‘सवयपंथ’. ‘सारखं गोदीत घेऊन तूच त्याला आदत लावून ठेवलीस,’ असे तो भोपाळच्या मराठीत सांगतो आणि सांगता सांगता बाळाला स्वतःच्या मांडीवर घेतो.

वैद्यकशास्त्राचे म्हणणे यापेक्षा नीरस आहे. जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार पहिल्या तीन महिन्यांत बाळाने दिवसाकाठी १४ ते १७ तास झोपावे, चौथ्या ते अकराव्या महिन्यात १२ ते १६, एक-दोन वर्षांच्या मुलाने ११ ते १४ आणि तीन-चार वर्षांच्या मुलाने १० ते १३ तास. हे आकडे वाचून टी. टी. नगरातल्या आईला पहिला प्रश्न पडतो तो असा की, बाळ एवढे झोपत असेल तर आपण केव्हा जागे असतो? उत्तर असे, की बाळ झोपते पुष्कळ, पण सलग झोपत नाही. नवजात बाळाच्या झोपेचे एक चक्र सुमारे पन्नास मिनिटांचे असते आणि त्यातली जवळजवळ निम्मी झोप ‘सक्रिय’ असते. त्या झोपेत ते कण्हते, हातपाय झाडते, ओठ मुडपते, हसते. सटवाई हसवते म्हणतात ते हेच. पण सटवाईवर विश्वास असणारे घर त्या वेळी स्वस्थ बसते, कारण देवीच्या कामात ढवळाढवळ करायची नसते. विश्वास नसणारे घर ‘उठला वाटतं’ म्हणून बाळाला उचलते आणि तेव्हा ते खरोखर उठते. या एका बाबतीत सटवाईने शास्त्राची बाजू सांभाळली आहे, हे नोंदवणे भाग आहे.

रात्र आणि दिवस यांतला फरकही बाळाला जन्मतः ठाऊक नसतो. अंधार पडला की झोप आणणारे मेलॅटोनिन त्याच्या शरीरात लयीत स्रवू लागायला साधारण तीन महिने जातात. तोवर त्याची रात्रपाळी आणि दिवसपाळी सारखीच असते. घरातल्यांना या काळात दिलेला कोणताही सल्ला तिसऱ्या महिन्यानंतर आपोआप लागू पडतो आणि तो देणाऱ्या मावशीची कीर्ती डिपो चौराह्यापर्यंत पोहोचते. सल्ला आणि गुण यांच्यामधली ही वाढत्या वयाची भूमिका कोणी लक्षात घेत नाही.

झोपवण्याच्या तंत्रात आजींचा पक्ष शास्त्राने अंशतः मान्य केला आहे. जपानच्या रिकेन संस्थेतील संशोधकांनी २०२२ मध्ये एकवीस बाळांवर प्रयोग करून असे दाखवले की रडणाऱ्या बाळाला कडेवर घेऊन पाच मिनिटे न थांबता चालले तर ते शांत होते, बरीचशी झोपतातही. मग लगेच खाली न ठेवता पाच ते आठ मिनिटे तसेच घेऊन बसायचे आणि नंतर ठेवायचे. बाळ जागे होते ते पाठ गादीला लागते तेव्हा नव्हे. ते आईच्या अंगापासून सुटू लागते त्याच क्षणी त्याच्या हृदयाची गती बदलते. ‘झोप पिकू दे, मग ठेव,’ हे वाक्य जवाहर चौकाच्या आसपास कित्येक दशके मोफत मिळत आले आहे. फरक एवढाच, की जपानी शास्त्रज्ञांनी मिनिटे मोजली आणि सांगताना सुनेच्या माहेरचा उल्लेख केला नाही.

बाकी बाबतींत आजी अर्ध्या बरोबर असतात. बाळाला उताणे निजवावे, हे त्या फार पूर्वीपासून सांगतात. गंमत अशी की पाश्चात्त्य जग याच मुद्द्यावर भरकटले होते. डॉ. बेंजामिन स्पॉक यांच्या बालसंगोपनाच्या जगप्रसिद्ध पुस्तकाने पन्नाशीच्या दशकापासून पालथे निजवण्याची शिफारस केली आणि ती आईबापांनी इमानाने पाळली. पालथ्या झोपेचा झोपेतल्या अचानक मृत्यूशी संबंध आहे हे स्पष्ट झाल्यावर ब्रिटनने १९९१ मध्ये आणि अमेरिकेने १९९४ मध्ये उताणे निजवण्याची मोहीम काढली. पण आजींचे उताणे निजवणे जीव वाचवण्यासाठी नव्हते, डोके गोल होण्यासाठी होते, आणि म्हणून त्याखाली मोहरीची उशी असते. डॉक्टरांना ही उशी नको असते. त्यांना बाळाच्या अंथरुणात उशी, रजई, लोड, बाहुली यांपैकी काहीही नको असते. सहाणेवर जायफळाचे दोन वेढे, ही दुसरी अर्धी गोष्ट. जायफळाने गुंगी येते हे खरे, आणि नेमके तेच धोक्याचे, कारण सहाणेवर मात्रा मोजता येत नाही. गुटीतला मधही पहिल्या वर्षात वर्ज्य; त्यातून बोट्युलिझमचे जंतू बाळाच्या कच्च्या आतड्यात घर करू शकतात. हे सांगणे कठीण जाते, कारण समोर साठ वर्षांचा मुलगा उभा करून ‘हा बघ, याला चाटवला होता’ असा पुरावा दिला जातो.

झोपायची वेळ हा वाद लवकर आटोपण्यासारखा आहे. अनेक देशांतल्या बाळांच्या निजण्याच्या वेळांची तुलना २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. न्यूझीलंडची बाळे साडेसातच्या सुमारास झोपत होती, हाँगकाँगची सव्वादहाला. टी. टी. नगरात साडेसातला न्यू मार्केटला जायला निघतात.

घरातल्या घरात असलेले हे मतभेद मोटारीचे दार उघडताच संपतात. न झोपणारे बाळ गाडीत झोपते, यावर सर्व पंथांचे एकमत आहे आणि ते बरोबरही आहे; हलणे आणि इंजिनाची एकसुरी घरघर दोन्ही त्याला मानवतात. म्हणून काही बाप रात्री अकराला बाळासह जवाहर चौकातून भदभदा धरणाकडे जाऊन परत येतात. लाल दिव्याला गाडी थांबली की बाळ डोळे उघडते, त्यामुळे रिकाम्या चौकात दिव्याकडे इतक्या तळमळीने पाहणारा दुसरा नागरिक सापडणार नाही. दुसरे एकमत असे, की गाडीत बाळाची जागा आईची किंवा आजीची मांडी. हे एकमत अभेद्य आहे आणि साफ चुकीचे आहे. जिथे शास्त्र अजून चाचपडते आहे त्या झोपेवर शंभर सल्ले. जिथे शाळेतले गणित पुरते, तिथे एकच, आणि तोही उलटा.

गणित असे. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला अकरा मीटर. धडकेत गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली तर तिच्यातल्या प्रत्येक वस्तूला गुरुत्वाकर्षणाच्या अकरापट ओढ लागते. मांडीवरचे दहा किलोचे बाळ त्या क्षणी सिहोरच्या शरबती गव्हाच्या क्विंटलभर पोत्यासारखे पुढे ओढले जाते, आणि ते धरून ठेवायला आजीचे दोन हात असतात. त्यांपैकी एकात शेवेचा पुडा. ‘मी घट्ट धरते ना’ या वाक्यातली माया पूर्ण खरी असते. कमतरता न्यूटनची असते. आजीला स्वतःचा पट्टा नसला तर आजीही पुढे येते आणि मध्ये बाळ असते.

मांडीचा मोह केवळ मराठी नाही. लहान मुलांसाठी गाडीत सुरक्षा आसन सक्तीचे करणारे अमेरिकेतले पहिले राज्य टेनेसी. तिथे हा कायदा १९७८ पासून लागू झाला. त्यासाठी झटणारे बालरोगतज्ज्ञ डॉ. रॉबर्ट सँडर्स यांना मात्र कायद्यात एक सवलत गिळावी लागली: मूल कोणाच्या हातात असेल तर आसन नसले तरी चालेल. म्हणजे कायदा झाला आणि मांडीही टिकली. ती सवलत १९८१ मध्ये निघाली. टेनेसीच्या विधिमंडळात टी. टी. नगरची एकही आजी नव्हती, हे यावरून खरे वाटत नाही.

तान्ह्या बाळाचे आसन मागे तोंड करून बसवायचे असते, याचे श्रेय स्वीडनच्या बर्टिल आल्डमन यांना जाते. जेमिनी यानातले अंतराळवीर पाठीवर रेलून उड्डाणाचा दाब सोसतात, हे पाहून त्यांना ही कल्पना सुचली आणि १९६४ मध्ये व्होल्वोच्या गाडीत तिचा नमुना तपासला गेला. बाळाचे डोके अंगाच्या मानाने जड, मान कोवळी. पुढे तोंड असेल तर धडकेत सारा झटका मानेवर येतो, मागे असेल तर पूर्ण पाठीवर वाटला जातो. अमेरिकेचे बालरोगतज्ज्ञ म्हणूनच आसनाच्या वजन-उंचीच्या मर्यादेत बसते तोवर मूल मागे तोंड करूनच ठेवा म्हणतात. जवाहर चौकात यावर तीन आक्षेप निघतात. ‘त्याचे पाय दुमडतात.’ दुमडतात, मुले घरीही पाय दुमडूनच बसतात. ‘त्याला बाहेरचं दिसत नाही.’ त्याला मागची काच दिसते, आणि पुढे दिसण्यासारखे होते ते खड्डे. ‘एवढ्या पैशात बिंदल्या झाल्या असत्या.’ याला उत्तर नाही.

आसन आणल्यावर ते कुठे ठेवायचे, हा पुढचा प्रश्न. एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर मागे तोंडाचे आसन कधीही ठेवायचे नाही. फुगणारी पिशवी नेमकी बाळाच्या डोक्यामागे आदळते. मागच्या सीटवर ते इतके घट्ट बांधायचे की बुडाशी धरून हलवले तर बोटाच्या एका पेराहून अधिक सरकू नये. खांद्यावरचा पट्टा चिमटीत येत असेल तर तो सैल आहे. भोपाळच्या जानेवारीत कुंची, दोन स्वेटर आणि वरून शाल अशा बाळाला पट्टा लावला, की तो बाळाऐवजी स्वेटरला लागतो. शाल पट्ट्याच्या वरून घालायची. मे महिन्यात उलटे संकट: उन्हात उभ्या गाडीतले बक्कल चटका देते, आणि ‘दोन मिनिटांत येतो’ म्हणून बाळाला बंद गाडीत ठेवणे तर कोणत्याच महिन्यात चालत नाही. गाडी थांबली की झोपलेल्या बाळाला आसनातच दिवाणखान्यात ठेवून देण्याचा मोह होतो. तोही टाळायचा, तिरक्या आसनात हनुवटी छातीला टेकून श्वास अडकू शकतो. त्याला उचलून सपाट अंथरुणावर ठेवावे लागते, आणि तिथे पुन्हा रिकेनची पाच ते आठ मिनिटे लागू होतात.

भारतीय कायदा या विषयात दिसतो त्याहून स्पष्ट आहे. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीतील कलम १९४ ब नुसार चौदा वर्षांखालचे मूल पट्ट्याने किंवा बाल-आसनाने बांधलेले नसेल तर चालवणाऱ्याला एक हजार रुपये दंड आहे. २०२३ मध्ये सुरू झालेल्या भारत एनकॅप चाचणीत बाल-प्रवाशांच्या सुरक्षेला ४९ गुण असतात. त्यासाठी दीड आणि तीन वर्षांच्या मुलांएवढे पुतळे आसनात बांधून गाडी आपटतात. पट्टा लावताना पाठीची कमान न करणारी या वयाची मुले पाहायची असतील तर तिथेच पाहावीत.

तरीही बहुतेक घरांतले बाळ आधी स्कूटरवर बसते. पुढे पायठाणावर एक उभे, मागे आईच्या कडेवर दुसरे. १५ फेब्रुवारी २०२२ च्या अधिसूचनेने, आणि एक वर्षानंतर अंमलात आलेल्या तिच्या नियमाने, चार वर्षांखालच्या मुलाला चालवणाऱ्याशी जोडणारा पट्टा, नऊ महिन्यांवरच्या मुलाला त्याच्या मापाचे हेल्मेट सक्तीचे केले आणि वाहनाला ताशी ४० किलोमीटरची मर्यादा घातली. पट्टा तीस किलो वजन पेलेल असा हवा. यातला वेगाचा नियम जवाहर चौकात संध्याकाळी काटेकोर पाळला जातो, कारण तिथे तेव्हा चाळीसची गाठ पडत नाही. पट्टा आणि हेल्मेट यांविषयीचे प्रबोधन बाकी आहे. जावळाच्या आधी डोक्यावर काही घट्ट घालू नये, असे एक मत सध्या त्याच्या आड आहे.

मूल आसनात मावेनासे झाले, की उंची देणारी बैठक लागते, म्हणजे मोठ्यांचा पट्टा गळ्यावरून न जाता खांद्यावरून आणि पोटावरून न जाता मांड्यांच्या मुळावरून जातो. साधारण दहा-बारा वर्षांचे होईतो ती चालते, आणि चौदाव्या वर्षी कायद्याच्या लेखी ते मूल मोठ्या प्रवाशांत जमा होते. याच सुमारास वयात येताना शरीरातले घड्याळ पुढे सरकते; रात्री झोप उशिरा येते आणि सकाळी ती उतरत नाही. मग दहा वाजले तरी ते मूल का उठत नाही, यावर नागपूर, ग्वाल्हेर आणि इंदूर येथून नव्याने सल्ले सुरू होतात. पोटपंथाच्या मते पोट साफ नाही.