कॅलिबरभाऊ

चंद्रपुरात जटपुरा गेटच्या आसपास कुठल्याही पानठेल्यावर संध्याकाळी उभे राहा, कॅलिबरभाऊ भेटतोच. पन्नाशी उलटलेली, खिशाला दोन पेनं, हातात खर्र्याची पन्नी. ती घोटता घोटता तो हजार मीटरवरचं निशाण पाडतो.

"थ्री-ओ-एट चालते, पण दमते बे. गोळी आवाजाच्या वेगाखाली उतरली का डगमगते. सिक्स पॉइंट फाइव्ह क्रीडमूर पाय. बारीक, लांब गोळी. वारा कापत जाते, खांद्याले धक्काबी कमी."

"अन् थ्री-थर्टी-एट लापुआ?"

पन्नी थांबते. "तुले दीड किलोमीटरवर काय मारायचं हाय?"

माणूस थापाड्या नाही, हे सांगायला हवं. क्रीडमूर २००७ साली निघालं ते लांबच्या निशाणबाजीसाठीच. थ्री-ओ-एटची नळी जास्त टिकते, हेही तो प्रामाणिकपणे कबूल करतो. मे महिन्यात पारा ४८ ला टेकला की हवा विरळ होऊन लांबची गोळी वर लागते, हा त्याचा खास चांद्याचा सिद्धांत, आणि तोही बरोबर. अडचण एवढीच, की हजार मीटर मोकळं दिसायला इथे कोळशाच्या खाणीतच उतरावं लागतं. बाकी सगळा साग आणि बांबू. मोहर्लीकडे पन्नास पावलांवर वाघ बसला तरी जिप्सीतल्या लोकांना दिसत नाही.

१९७२ या सालावर त्याचा दात आहे. त्या साली वन्यजीव कायदा येऊन आजोबांची शिकार संपली, आणि तीनशे मीटर रायफलची स्पर्धा ऑलिंपिकमध्ये शेवटची झाली तीही त्याच साली. तो हे दोन्ही निर्णय एकाच माणसाच्या माथी मारतो. कोणाच्या, ते सांगत नाही.

२०२४ मध्ये पॅरिसला कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं कांस्य जिंकलं, तेव्हा ठेल्यावर पेढे यानंच वाटले. पण पेढ्यासोबत टिप्पणी आली: "पन्नास मीटर! अन् तेबी पॉइंट टू-टू!" दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, म्हणजे त्याच्या खर्र्यातल्या सुपारीच्या खांडाएवढं असतं, असं एका पोरानं सांगितलं. भाऊनं सुपारी चिमटीत धरून बराच वेळ पाहिली आणि विषय बदलला.

सासुरवाडी गडचिरोलीची. वैनगंगेचा पूल ओलांडला, की कॅलिबर हा शब्द बंद. तिथे धान, मोहफूल, तेंदूपत्ता. ज्या जिल्ह्यात भरमार बंदूक सापडली तरी पेपरात फोटो येतो, तिथे क्रीडमूरची चौकशी कशाला?

त्याची स्वतःची रायफल म्हणाल, तर वारशानं आलेली इशापूरची थ्री-फिफ्टीन. इंग्रजांनी फौजेचं थ्री-नॉट-थ्री प्रजेला नाकारलं, त्याच्या बदल्यातलं हे बोअर. ती वर्षातून एकदा तेल पिते आणि निवडणूक लागली की ठाण्यात जमा होते. मागच्या खेपेला भाऊनं पावती वाचली आणि टेबल सोडेना.

"साहेब, तीनशे पंधराच्या आधी टिंब राहिलं."

"त्यानं काय होते?"

"इंचात हाय ते. टिंब नसलं तर सव्वीस फूट रुंद नळी होते."

हवालदारानं वर पाहिलं. "मंग इथं कायले आणली भाऊ? भद्रावतीले तोफगोळ्याचा कारखाना हाय, तिथं जमा करा."

टिंब मिळालं. मग भाऊनं काडतुसांचा रकाना उघडला, आणि मागच्या रांगेनं खाली बसून घेतलं.