काळा घोडा महोत्सव : जालनेकरांसाठी सूचना

जालन्यातून मुंबईला माणूस जातो तो मंत्रालयासाठी, दवाखान्यासाठी, नाहीतर लग्नासाठी. ‘कलामहोत्सव बघायला चाललो’ असं देवगिरी एक्स्प्रेसमध्ये शेजाऱ्याला सांगितलं, तर तो आपली बॅग गुपचूप जवळ ओढून घेतो. म्हणून कुणी विचारलंच तर मंत्रालयात काम आहे म्हणावं. कसलं काम, हे पुढं कुणी विचारत नाही.

काळा घोडा कला महोत्सव १९९९ पासून भरतो. जानेवारी सरता सरता किंवा फेब्रुवारी लागताना, नऊ दिवस. प्रवेश फुकट आहे, ही गोष्ट घरी आधीच आणि मोठ्यानं सांगावी. शनिवार-रविवार टाळावा, त्या दिवशी कलेपेक्षा पुढच्या माणसाची मानच जास्त दिसते. सीएसएमटीला उतरून हुतात्मा चौकावरून चालत गेलं की झालं.

पोचल्यावर घोडा बघून हुरळून जाऊ नये. ज्याच्यावरून जागेला नाव पडलं, तो हा नव्हे. त्या घोड्यावर प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड, बसलेला होता. पुतळा व्यापारी ससून यांनी शहराला दिलेला. १९६५ साली तो उचलला. नाव उचलणं मात्र कुणाला जमलं नाही. २०१७ मध्ये नवा घोडा आला, त्याच्या पाठीवर कुणीच नाही. स्वार कोण, यावर एकमत व्हायची वाट न बघता घोडा उभा केला, याची आपल्याकडच्या चौक-सुशोभीकरणवाल्यांनी नोंद घ्यावी.

आता मांडणशिल्पं. ही रॅम्पार्ट रोवर असतात आणि त्या दिवसांत रस्ता गाड्यांना बंद असतो. शेजारच्या पाटीवर ‘काळ’, ‘स्मृती’ किंवा ‘शहर’ यांपैकी एक शब्द सापडतोच. तो वाचून हळूच मान हलवावी. इथं जालनेकराची खरी परीक्षा असते. लोखंडी शिल्प दिसलं की आपला हात आपोआप पुढं जातो.

“मामा, हात नका लावू!” सोबतची भाची दबक्या आवाजात ओरडते.

“लावत नाही गं, पत्र्याचा गेज बघतोय.”

गेज बघून झाला की वजनाचा अंदाज येतो, वजनावरून भंगाराचा भाव. तो तोंडातून निघू देऊ नये. आपल्या एमआयडीसीत असलं भंगार रोज भट्टीत जातं, बिलेट होतं आणि सळई होऊन बाहेर पडतं. त्याला कुणी पाटी लावत नाही. तरी खरं सांगायचं तर त्या गर्दीत जोडावरचं वेल्डिंग वाकून बघणारे बहुधा आपणच एकटे असतो. बाकीचे शिल्पाकडं पाठ करून उभे, कारण फोटो तसाच येतो.

उन्हं तापली की जहांगीर कलादालनात शिरावं. १९५२ पासून ते तिथंच आहे, इथंही तिकीट नाही. गारव्यासाठी आलोय, हे चेहऱ्यावर दिसू देऊ नये. चित्रापासून चार पावलं मागं सरावं, डोकं थोडं कलतं करावं, घाम वाळेपर्यंत तसंच थांबावं. कोपऱ्यातल्या खुर्चीवर पुष्कळदा चित्रकार स्वतः बसलेला असतो. आपण किंमत विचारू, अशी त्याला आशा असते. तो विचारेल काय वाटलं, अशी आपल्याला धास्ती. हा भाग थट्टेचा नाही. त्याच्याशी बोलावं. हा रंग कसा साधला, एवढं विचारलं तरी तो खुर्ची सोडून उठतो, आणि बाहेरच्या सगळ्या पाट्यांनी सांगितलं नाही ते पाच मिनिटांत कळतं.

बाहेर फुटपाथवर पेन्सिलीनं चेहरा काढून देणारे भेटतील. बसायचं तर पैसे आधी ठरवावेत आणि नाक त्याच्या मर्जीवर सोडावं.

एखादी दुपार हाताशी उरलीच, तर जुना घोडा बघायला भायखळ्याला राणीच्या बागेत जावं. एडवर्ड अजून त्याच्यावर बसलेला आहे. तिकीट काढावं लागतं. बागेतली गर्दी पेंग्विनसाठी असते, घोड्यासमोर हवा तितका वेळ उभं राहता येतं. धातूला हात लावायचा मोह इथंही आवरावा. फक्त बुधवारी जाऊ नये, बाग बंद असते.