मेल येतो, पण जात नसल्याबाबत

सदर मार्गदर्शिका फुलंब्री व परिसरातील कृषी सेवा केंद्रे, आपले सरकार सेवा केंद्रे, पतसंस्था आणि टेबलावर कॉम्प्युटर असूनही त्याच्यावर विश्वास नसलेल्या सर्व संबंधितांसाठी आहे.

लक्षणे पुढीलप्रमाणे. मृगाचा पाऊस पडून गेला आहे, मक्याच्या बियाण्याची ऑर्डर कंपनीला आजच जायला हवी. थंडरबर्ड किंवा आउटलुक उघडे आहे. मेल येत आहेत. थकबाकीची आठवण तर सकाळपासून दोनदा आली. मात्र आपण 'सेंड' दाबले की एक खिडकी उघडते आणि पासवर्ड मागते. दिला की मिटते. मिटली की पुन्हा उघडते.

प्रथम राउटर बंद करून चालू करावा. पासवर्ड पुन्हा, या वेळी बटणांवर अधिक जोर देऊन टाइप करावा. लाइटवाल्यांना यथाशक्ती बोलावे आणि पुण्यातल्या भाच्याला फोन लावावा. तो 'रिस्टार्ट करून बघा मामा' म्हणेल. यातल्या कशाचाही उपयोग होत नाही, पण हे केल्याशिवाय पुढचे वाचायला कुणी तयार होत नाही, असा अनुभव आहे.

आता कारण. कोणत्याही सरकारी कार्यालयात आवक आणि जावक अशी दोन टेबले असतात आणि एकाने स्वीकारलेला कागद दुसऱ्याच्या गावीही नसतो. मेलचेही तसेच आहे. आवक आयमॅपकडे, जावक एसएमटीपीकडे, आणि दोघांचे पासवर्ड प्रोग्रामने वेगवेगळे जपून ठेवलेले. मागच्या महिन्यात चिरंजीवांनी पासवर्ड बदलला, आवकेने नवा मागून घेतला. जावक मात्र जुन्यालाच निष्ठेने चिकटून आहे. एसएमटीपीचा नियम 1982 साली लिहिला गेला तेव्हा तर या टेबलावर ओळखच विचारत नसत. कुणीही यावे आणि पत्र देऊन जावे. पासवर्ड विचारण्याची अधिकृत रीत 1999 साली आली. तोवर फुकट्या जाहिरातवाल्यांनी जगाची टपालपेटी भरून टाकली होती.

म्हणून कार्यवाही अशी : थंडरबर्डच्या सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' गाठावे, 'सेव्हड पासवर्ड्स' उघडावे आणि ज्या ओळीची सुरुवात एसएमटीपीने होते तेवढीच काढून टाकावी. 'रिमूव्ह ऑल' हे बटण शेजारीच असते. त्याकडे बघूसुद्धा नये. मग स्वतःलाच एक मेल पाठवावा, खिडकी आली की नवा पासवर्ड द्यावा आणि लक्षात ठेवण्याच्या चौकोनात टिक करावी. आउटलुकवाल्यांचे जुने पासवर्ड बहुधा विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये, 'क्रेडेन्शियल मॅनेजर'मध्ये सापडतात. पोर्टचे आकडे, 587 असोत की 465, कालपर्यंत मेल जात असेल तर हलवू नयेत. टी-पॉइंटवर चहा पिताना कुणी कितीही खात्रीने सांगितले तरी.

थंडरबर्डच्या त्याच 'सेव्हड पासवर्ड्स'च्या यादीत 'शो पासवर्ड्स' असेही बटण आहे. ते दाबले की आपले सर्व पासवर्ड उघड्यावर येतात, आणि प्रायमरी पासवर्ड लावलेला नसेल तर चहा घेऊन आलेल्या पोरालाही वाचता येतात. तसे ते टेबलाच्या काचेखाली चिठ्ठीवरही आहेतच, तेव्हा घाबरण्याचे कारण नाही.

एवढे करूनही 535 आकड्याची तक्रार आली आणि खाते जीमेलचे असेल, तर प्रकरण वरिष्ठ पातळीवरचे समजावे. 30 मे 2022 पासून गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी नुसत्या पासवर्डवर बाहेरच्या प्रोग्रामना आत घेणे बंद केले. म्हणजे पासवर्ड बरोबर असूनही चूक ठरतो. कचेरीचा उंबरा झिजवलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. यावर उपाय दोन. जावक सर्व्हरच्या सेटिंगमध्ये 'ओऑथ 2' निवडावे, म्हणजे गूगलचीच खिडकी उघडून परवानगी विचारते. नाहीतर दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून सोळा अक्षरी 'ॲप पासवर्ड' घ्यावा.

पडताळणीचा कोड मोबाइलवर येतो. कोणाच्या, हा खरा प्रश्न. खाते उघडून देणाऱ्या ऑपरेटरने त्या दिवशी घाईत स्वतःचा नंबर टाकलेला असतो. तो आता वाळूजला कंपनीत आहे आणि पहिल्या पाळीत मोबाइल गेटवर जमा असतो. अशा वेळी दुपारची सुट्टी होईपर्यंत थांबावे, त्याच्या आईची तब्येत आधी विचारावी आणि मग कोडचा विषय काढावा. थकलेला पगार द्यायचा राहिला असल्यास तो त्याच बैठकीत मिटवणे सोयीचे पडते. खाते हाती आल्यावर पहिल्यांदा नंबर बदलावा. रागाच्या भरात गूगलचा मुख्य पासवर्डही बदलायचा असेल तर तो ॲप पासवर्ड घेण्यापूर्वी बदलावा, कारण मुख्य पासवर्ड बदलला की आधीचे ॲप पासवर्ड रद्द होतात.

आउटलुक वापरणाऱ्यांनी शेवटी 'आउटबॉक्स' तपासावा. सकाळपासून वैतागून पुन्हा पुन्हा लिहिलेल्या सगळ्या ऑर्डरी तिथे रांगेत उभ्या असतात आणि पासवर्ड जुळताच एकदम रवाना होतात. त्यानंतर बियाण्याचे ट्रक दारात उभे राहिल्यास तो विषय या मार्गदर्शिकेच्या कक्षेबाहेरचा आहे.