चापोऱ्याला कोण कोण येतंय?

‘दिल चाहता है’ हा चित्रपट 2001 साली आला आणि गोव्यातल्या चापोरा किल्ल्याला नवे दावेदार मिळाले. मराठे आणि पोर्तुगीज ज्या तटासाठी झुंजले, त्यावर आता पाय सोडून बसायला तिघं मित्र आणि फोटो काढायला चौथा लागतो.

पडद्यावर मुंबई ते गोवा हे अंतर एका गाण्याचं आहे. तेवढ्या वेळात आपली गाडी सोसायटीच्या गेटाबाहेरही पडत नाही. चित्रपटातल्या आकाश, समीर, सिद्धार्थ यांच्या वाटेत माणगावची कोंडी नाही. याच वाटेवरचं पनवेल-इंदापूर चौपदरीकरण सुरू झालं 2011 साली, म्हणजे हे तिघं दहा वर्षं आधीच सुटले! शिवाय त्यांच्याकडे उघड्या टपाची मर्सिडीज. आपल्याकडे कुणाच्या तरी मेव्हण्याची सातआसनी, तीही ‘डिझेल भरून परत द्या’ या अटीवर.

बेत मात्र जोरात. ग्रुपवर पहिल्या दिवशी सगळे ‘फिक्स’. दुसऱ्या दिवशी ‘बघू’. तिसऱ्या दिवशी ‘घरी विचारून सांगतो’.

चित्रपटात मैत्रीला तडा जातो तो निदान गोवा उरकून आल्यावर. आपल्याकडे तेवढं काम ‘टोल कोण भरणार?’ हा एक प्रश्न घरबसल्या करतो.